मागच्या दाराचं पाणी

दाजी, काल दुपारी कारखान्याचा भोंगा झाला आणि मी जेवता जेवता आधी घड्याळ पाहिलं. पाळी सुटायचीच वेळ होती. रस्त्यावर कुणी मानसुद्धा वर केली नाही. मी मात्र भोंगा संपेपर्यंत हातातला घास तसाच धरून बसले. हे दुखणं तुमचं. तुम्ही होतात तोवर ते तुमच्याकडे होतं आणि मला त्याची चेष्टा करायची मुभा होती. भोंगा झाला की तुम्ही बोलणं अर्धवट सोडून घड्याळाकडे बघायचात आणि मी म्हणायचे, "दाजी, कामावर जायचंय का? पेन्शनीत आहात ना?" आक्का तोंडाला पदर लावून हसायची. वेळ जुळली की तुम्ही चहाचा घोट घ्यायचात आणि बोलणं पुढे चालू करायचात. आता घड्याळ बघायचं ते काम कुणी सांगितलं नसताना माझ्याकडे आलं आहे.

परवा गोदावरीच्या घाटावर तुमचा दहावा झाला. माणसं बोलायला उभी राहिली. लष्करातली नोकरी, शिस्त, देशसेवा, सगळं झालं. एकाने तुम्हाला मनमिळाऊ म्हटलं तेव्हा मी आक्काकडे पाहिलं आणि तिनं माझ्याकडे. एवढं मोठं दुःख उरावर असताना आम्हा दोघी बहिणींना हसू दाबावं लागलं. तुम्ही कसले मनमिळाऊ? तुम्ही लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी पाहुण्याला किरणोत्सारी धूळ कपड्यांवर कशी बसते ते समजावून सांगणारे. त्या पाहुण्याची बुंदी तशीच राहायची. पुढच्या कार्यात तो तुम्हाला लांबून बघून पंगत बदलायचा. हे घाटावर कुणी सांगितलं नाही, म्हणून मी इथे लिहिते आहे.

लष्करात तुम्हाला शिकवलं होतं, अणुहल्ला झाला तर माणूस, कपडे, गाड्या कशा धुवायच्या. निवृत्त होऊन कोपरगावात आलात तेव्हा वाटलं, आता हा माणूस शेती बघेल, सकाळी फिरायला जाईल. तुम्ही नागरी संरक्षणाचे वर्ग घ्यायला लागलात. शाळांतून, मंडळांतून, बोलावतील तिथे आणि न बोलावतील तिथेही. सुरुवातीचे वर्ग भयंकर होते, दाजी. तुम्ही फळ्यावर बाण काढायचात, लष्करी हिंदीत हुकूम द्यायचात, आणि मागच्या बाकावरची पोरं झोपायची. आमच्या शाळेत मीच तुम्हाला बोलावलं होतं, म्हणून शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर टोमणे मलाच ऐकावे लागले.

पण तुम्ही जे सांगत होतात ते मला पहिल्यांदा नीट कळलं ते तुमच्या ओट्यावर. मी म्हटलं होतं, "आपल्या गावावर कोण अणुबॉम्ब टाकतंय दाजी? त्यांना दिल्ली-मुंबई सोडून कोपरगाव सापडलं का?"

तुम्ही शेंगा सोलत होतात. वर न बघता म्हणालात, "विमानातनं कोन टाकणार न्हाई. टेम्पोतनं येईल."

मग सांगितलंत. मोठा बॉम्ब करायला देश लागतो. पण दवाखान्यातल्या, कारखान्यातल्या यंत्रांत किरणोत्सारी द्रव्य असतं. ते चोरायचं, साध्या स्फोटकाभोवती बांधायचं, गर्दीच्या ठिकाणी टेम्पो उभा करायचा. धमाक्यानं मरतील ते थोडेच. पण ती धूळ माणसांच्या अंगावर, केसांवर, चपलांवर बसेल. दिसणार नाही, वास येणार नाही. आणि माणसं पळत सुटतील. "पुन्याचं स्टेशन धर," तुम्ही म्हणालात, आणि मी म्हटलं, "दुसरं कुठलंही धरा." कारण माझी मनीषा पुण्यात असते. तुम्ही हातातली शेंग खाली ठेवलीत आणि म्हणालात, "म्हनून तर पुनं धरलं."

त्या दिवसापासून मी घाबरलेली आहे. मी तुमची जितकी चेष्टा केली ती सगळी त्या भीतीपोटी. तुम्हाला ते ठाऊक असावं, कारण तुम्ही कधी चिडला नाहीत.

तुमचं म्हणणं साधं होतं. असं काही झालं तर माणसानं जिथे असेल तिथे इमारतीच्या आत जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, पंखे बंद करायचे आणि सरकार सांगेपर्यंत आतच थांबायचं. पण थांबणार कोण? तुम्हीच विचारायचात. टाळेबंदीत आपण पाहिलं होतं की. पुण्या-मुंबईतली आपली सगळी पोरं मोटारसायकलवर, ट्रकमध्ये, मिळेल त्यात बसून घरी आली होती. नगर जिल्ह्यातल्या माणसाचं शहरात काही बिनसलं की तो गावाकडे निघतो, त्याला दुसरं काही सुचतच नाही. "तवा बी येतील," तुम्ही म्हणायचात. "कितीबी सांगा, येतील. अंगावर धूळ घिऊन आपल्याच दारात येतील. पुन्याची तयारी नुसती पुन्यात करून भागत न्हाई शोभा, ती कोपरगावच्या दारात करावी लागती."

आणि दारात काय करायचं? आलेल्याला आत घ्यायचं नाही. वरचे कपडे बाहेरच उतरवायचे, पिशवीत बांधून लांब ठेवायचे. बहुतेक धूळ त्या कपड्यांबरोबरच जाते. मग डोक्यावरून साबणाची अंघोळ, अंग खसाखसा न घासता. धुतलेले कपडे घालायचे, आणि मग आत. तोवर कुणी कुणाला शिवायचं नाही.

इथे आपलं वाजलं. मी म्हटलं, "दाजी, लेक जीव मुठीत धरून पुण्याहून येईल, आणि मी तिला दारात उभी करू? मयतीवरून आल्यासारखी?"

मी टोमणा मारला होता. तुम्ही मात्र ताडकन उभे राहिलात. मांडीवरची टरफलं ओट्यावर पसरली. "व्हय," तुम्ही म्हणालात. "अक्षी तसंच. मयतीवरनं आल्यासारखं. आगं, हे तर सगळ्यांना येतंय की."

पुढच्या वर्गापासून तुम्ही फळ्यावरचे बाण बंद केलेत. मास्क, तक्ते, हिंदी, सगळं गुंडाळलंत. नुसतं म्हणायचात, मयतीवरून आल्यावर जे करता ते करा. माझं वाक्य चोरून गावभर वापरलंत, आणि मला लाज आणलीत ती वेगळीच. महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणी तरी तुम्हाला दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. संक्रांतीचे दिवस, बायका नटूनथटून बसलेल्या, आणि तुम्ही सुरू केलंत की तुमची लेक पुण्याहून आली तर तिला मयतीवरून आल्यासारखं वागवा. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी वाण खाली ठेवून उठली. "आमच्या लेकी सनाला माहेरी येत्यात, त्यांच्यावरनं आमी भाकरतुकडा उतरून टाकतो," ती म्हणाली. "आन तुमी मयत काढता व्हय? लई अभद्र बोलनं हाय तुमचं." तिच्या मागे निम्म्या बायका उठल्या. आक्का मान खाली घालून बसली होती. घरी येताना रिक्षात तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "तिला कळलं. कळलं म्हनून तर उठली."

त्यानंतर कुणी तुम्हाला बोलवेना.

आणि मग गेल्या उन्हाळ्यातली ती गोष्ट. सीमेवर तणाव होता, टीव्हीवर दिवसभर तेच. आपल्याकडेही भोंगे वाजवून सराव घ्यायचं ठरलं. तुम्हाला एकदाचं कुणी तरी विचारलं. दोन दिवस तुम्ही तालुकाभर रिक्षा फिरवलीत: भोंगा झाला की घरात जा, दारं लावा, आतल्या खोलीत बसा. तुमचा आवाज बसला होता. मी मुद्दाम तुमच्या घरी आले होते, ओट्यावरून बघायला.

भोंगा झाला आणि सगळं गाव गच्चीवर गेलं.

मला अजून डोळ्यांपुढे दिसतं ते. चांगल्या दुपारी, टळटळीत उन्हात, गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर माणसं. म्हाताऱ्यांना हाताला धरून वर चढवलेलं, पोरं कठड्याला टेकलेली, सगळ्यांची तोंडं नदीकडे. आपल्या गावाला अवेळी भोंगा म्हणजे एकच गोष्ट ठाऊक आहे, वरच्या धरणांतून पाणी सोडलंय आणि गोदावरी गावात शिरणार. पाय आपोआप जिन्याकडे वळतात. दोन दिवस रिक्षा ऐकलेले पाय. तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभे राहून बसलेल्या आवाजात ओरडत होतात, "खाली उतरा. घरात जा. वर धूळ आसती, वर न्हाई." वरून कुणी तरी विचारलं, "किती पानी सोडलंय काका?" तुम्ही मागे वळून स्वतःच्या घराकडे पाहिलंत. आक्का पिठाचा डबा घेऊन गच्चीवर उभी होती.

मी हसले. सगळी गल्ली नंतर आठवडाभर हसली. आक्का म्हणाली, "मला काय म्हाईत, पाय गेलं वर." तुम्ही हसला नाहीत. ओट्यावर येऊन बसलात, चप्पलही न काढता, आणि बराच वेळ हातावरची धूळ झटकत राहिलात. साधीच धूळ होती ती, रस्त्यावरची. मला तेव्हा विचारायचं होतं, दाजी, तुम्हाला भीती वाटते का हो? आम्हाला सगळ्यांना घाबरवता, पण तुम्हाला स्वतःला? मी विचारलं नाही. चहा टाकायला आत गेले.

त्याच आठवड्यात तुमच्या मागच्या दाराशी तो निळा ड्रम आला. झाकणाचा, खाली तोटी बसवलेला. शेजारी फळीवर साबण, जुनी धुतलेली लुगडी, तुमचे दोन सदरे, मोठ्या पिशव्या. तुम्ही तो रोज भरायचात आणि झाकण घट्ट लावायचात. मी येता-जाता विचारायचे, "कोण पाहुणे यायचेत?" तुम्ही म्हणायचात, "तुझीच लेक."

आपला वाद मिटला नाही तो इथेच. मी म्हणत होते, बाकी सगळं होईल. दारं लावतील, पंखे बंद करतील. पण आईसमोर तिचं मूल हात पसरून उभं असताना ती त्याला न शिवता थांबणार नाही. कुठलीच आई नाही. जगात कुणाला शिकवून ते यायचं नाही, म्हणून तुमची सगळी तयारी फुकट. तुम्ही म्हणायचात, "थांबंल." मी विचारायचे, कशावरून? तुम्ही म्हणायचात, "थांबंल, बग तू." एवढं म्हणून, काही पुरावा न देता, तुम्ही परत शेंगा सोलायला घ्यायचात, आणि मला ते बरं वाटायचं. खरं सांगते, फार बरं वाटायचं. थांबणं शक्यच नसेल तर तयारीचा विचार करायचं कारण नव्हतं. मी घरी जाऊन निवांत टीव्ही लावू शकत होते.

तुम्ही गेलात कसे ते इथे लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे आणि मला परत आठवायचं नाही. ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी नाशिकच्या दवाखान्यात तुम्ही आधी जिने आणि बाहेर पडायची दारं बघून आला होतात, मग डॉक्टरांना भेटलात. मी तेव्हा वैतागले होते. पण त्या आठवड्यात मला जी काही झोप लागली ती तुम्ही दाराशी खुर्ची टाकून बसला होतात म्हणून. या खेपेला दवाखान्यात मी गेले, आणि जिने बघायचं मला सुचलंसुद्धा नाही. तुमच्या वेळी दाराशी बसायला तुम्ही नव्हतात, एवढंच सारखं मनात येत होतं.

मनीषा पुण्याहून निघाली, पण नगर-मनमाड रस्त्याने तिला वेळेत पोचू दिलं नाही. तुम्हाला घरातून उचललं तेव्हा ती राहुरीच्या पुढे कुठे तरी अडकली होती. म्हणून ती परस्पर अमरधामात गेली. तिची ईशू आमच्याकडे होती. पुण्याचं पाळणाघर बंद पडल्यापासून महिनाभर आमच्याकडेच होती, आणि रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहून विचारायची, मम्मी कधी येणार.

घर धुऊन झालं होतं. मी तुमच्या मागच्या दाराशी तांब्या घेऊन उभी होते. अमरधामातून माणसं परत यायला लागली. पुरुष पुढच्या नळावर गेले, बायका मागे आल्या. आणि मी मागे-पुढे दोन्हीकडे बघत राहिले, दाजी. कुणी उंबऱ्याला पाय लावला नाही. कुणी भिंतीला टेकलं नाही. घड्याळं निघाली, चपला लांब राहिल्या. तो शेजारचा मुलगा, ज्याच्या हातातून मोबाईल कधी सुटत नाही, त्यानं तो ओट्याच्या कडेला ठेवला आणि हात अंगापासून लांब धरून रांगेत उभा राहिला. अंगावरचे कपडे बाहेरच्या बादलीत पडत होते. डोक्यावरून पाणी, मग धुतलेले कपडे, मग घरात. कुणी ओरडून सांगत नव्हतं, रिक्षा फिरत नव्हती. जी माणसं तुमच्या भोंग्याला गच्चीवर चढली होती, तीच ही माणसं. तुम्हाला जन्मात जमला नाही तो सराव तुमच्या मयतीला एकही चूक न होता झाला. निळ्या ड्रमची तोटी वाहत होती. त्याच सकाळी, दवाखान्यात जायच्या आधी, तुम्ही भरून ठेवलेलं पाणी होतं ते.

आणि मग मनीषा आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. ईशू माझ्या कडेवर होती. तिनं आईला पाहिलं आणि माझ्या हातातून सुटली. "मम्मी" म्हणत दोन्ही हात पसरून धावली.

मनीषा मागे सरली. बोराच्या झाडापर्यंत मागे गेली आणि दोन्ही हात पाठीशी धरले. "थांब पिल्लू, शिवू नको मला. अंघोळ करून येते."

ईशूला काही कळेना. तिनं अंगणात लोळण घेतली, हंबरडा फोडला. महिन्याभरानं आई दिसली होती. मी तिला उचललं तर तिनं मला लाथा मारल्या. मनीषा समोर उभी होती, रडत होती, ओठ गच्च दाबून, पण हात पाठीमागेच होते. शेवटपर्यंत तिनं ते पुढे आणले नाहीत. तोटीखाली बसली, डोक्यावरून पाणी घेतलं, कपडे टाकले, फळीवरचं आक्काचं लुगडं गुंडाळलं. आणि मग ओल्या केसांनी येऊन तिनं ईशूला असं धरलं की पोरीचा श्वास कोंडला असेल.

दाजी, ती थांबली.

मी तांब्या घेऊन तिथेच उभी होते. तुम्ही आतून "बग" म्हणाल असं वाटलं आणि तुम्ही नव्हतात. इतक्या वर्षांचा वाद मी हरले आणि ते ऐकायला तुम्ही राहिला नाहीत. हरल्याचं मला काही नाही. पण तुम्ही माझा आडोसा काढून नेलात. आता 'शक्यच नाही' असं म्हणून मला टीव्ही लावता येत नाही. शक्य आहे, मी पाहिलं. फक्त त्या अंगणात मनीषाच्या अंगावर अमरधामाची राख होती, आणि राखेच्या जागी दुसरं काय असू शकतं ते तुम्ही मला ओट्यावर बसून सांगितलेलं आहे. मी ईशूच्या रडण्याचा तो आवाज अजून ऐकते.

काल आक्काला शेवटी विचारलं, तुम्हाला विचारायचं राहिलेलं. म्हटलं, "आक्का, दाजींना भीती वाटायची का गं?"

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "लई. भोंगा झाला की माझा हात धरायचे. तुमच्याम्होरं न्हाई धरायचे, एकलं आसलं की धरायचे. घड्याळ बगून झालं की सोडायचे." मग तांदळातला खडा बाजूला टाकून म्हणाली, "आता भोंगा झाला की हात कुटं ठिवू त्येच कळंना झालंय."

आज सकाळी मनीषा ईशूला घेऊन पुण्याला गेली. दुसरं पाळणाघर मिळालंय. गाडीत बसल्यावर मी काचेजवळ वाकून तिला सगळं सांगितलं, तुमच्यासारखंच, चुकीच्या वेळी, निरोपाच्या गडबडीत. काही झालं तर आत जा, दारं लाव, पाळणाघराकडे धावू नकोस, ईशूला तिथे आतच राहू दे. सांगेपर्यंत निघू नकोस. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. मनीषा म्हणाली, "आई, तू काकांसारखी बोलायला लागलीस." मग गाडी सुरू झाल्यावर काच परत खाली केली आणि हळूच विचारलं, "आणि तरीही निघालेच तर?"

मी म्हटलं, "तर पुढच्या दारानं येऊ नकोस. मागून ये."

गाडी गेल्यावर मी तुमच्याकडे आले. ड्रम त्या दिवसापासून रिकामाच होता, तळाला थोडा गाळ बसला होता. तो धुतला, साबण नवा ठेवला, लुगड्यांच्या घड्या केल्या, तोटी बंद आहे ना ते दोनदा पाहिलं आणि नळी लावली. पाणी भरत आलं तेव्हा कारखान्याचा भोंगा झाला. माझा हात घड्याळाकडे जायच्या आधी आक्का घरातून बाहेर आली आणि तिनं तो धरला. वेळ बरोबर होती. तरी आम्ही दोघी भोंगा थांबेपर्यंत तशाच उभ्या राहिलो, आणि मग झाकण लावलं.